तरंगती दलदल, संगाई हरीण आणि पाण्याच्या पातळीचे अर्थशास्त्र

स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांत केइबुल लामजाओचा उल्लेख बहुधा एका ओळीत आटोपतो: 'जगातील एकमेव तरंगते राष्ट्रीय उद्यान, राज्य मणिपूर'. विद्यार्थी ही ओळ पाठ करतात आणि पुढच्या उद्यानाकडे वळतात. वस्तुस्थिती अशी आहे की, हे उद्यान वर्षाचे बाराही महिने तरंगत राहावे अशी निसर्गाची व्यवस्था नव्हती. कोरड्या ऋतूतील काही महिने ते सरोवराच्या तळाला टेकत असे आणि पावसाचे पाणी चढू लागले की पुन्हा वर येत असे. १९८३ नंतर त्याचे हे टेकणे जवळजवळ थांबले. ज्या गुणासाठी हे उद्यान प्रसिद्ध आहे, त्याच गुणाच्या अतिरेकाने ते क्षीण होत आहे. असे का व्हावे आणि त्यावरील उपायाचा खर्च कोणी उचलावा, हा जितका पर्यावरणशास्त्राचा तितकाच अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

फुमदीची घडण

पाण्याने सतत भिजलेल्या जमिनीत प्राणवायू कमी असतो. तेथे मेलेल्या वनस्पती पुरत्या कुजत नाहीत. कुजण्याचा वेग वाढीच्या वेगापेक्षा कमी राहिला, की अर्धवट कुजलेल्या काड्या, मुळे व पाने यांचे थरावर थर साचत जातात. या थरांना पीट म्हणतात. जगाच्या एकूण भूपृष्ठापैकी केवळ ३ टक्के भाग पीटच्या दलदलींनी व्यापला आहे. तरीही जमिनीत साठलेल्या कार्बनपैकी सुमारे एक तृतीयांश कार्बन त्यांत आहे. आयर्लंड, रशिया, इंडोनेशिया अशा देशांत या दलदली विस्तीर्ण आहेत. भारतात त्या तुरळक असल्या, तरी मणिपूरच्या लोकटाक सरोवरात त्यांचे एक विलक्षण भावंड आढळते. ते म्हणजे फुमदी.

फुमदी म्हणजे गवत, वेत, मुळे, माती आणि कुजण्याच्या निरनिराळ्या अवस्थांतील सेंद्रिय द्रव्य यांचा एकमेकांत गुंतलेला जाड गालिचा होय. त्याची जाडी काही सेंटीमीटरपासून सुमारे २ मीटरपर्यंत असते. हिमनगाप्रमाणे त्याचाही बहुतांश भाग, साधारणतः चार पंचमांश, पाण्याखाली राहतो. सरोवराच्या आग्नेय भागातील अशाच फुमदींच्या सलग पट्ट्यावर केइबुल लामजाओ वसले आहे. १९६६ मध्ये तेथे अभयारण्य झाले व १९७७ मध्ये ४० चौरस किलोमीटर क्षेत्राला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

कोरड्या ऋतूत सरोवराची पातळी उतरे, तेव्हा फुमदी तळाच्या गाळावर बसे. तिची मुळे गाळात शिरत, तेथील पोषणद्रव्ये घेत आणि गालिचा खालच्या बाजूने जाड होई. पावसाळ्यात पाणी चढले की तो सुटून वर येई. वर्षातून काही आठवडे जमिनीचा स्पर्श मिळाला तरच हा गालिचा टिकतो, हे या विषयाचे मर्म आहे. विद्यार्थ्यांनी ते प्रथम ध्यानात घ्यावे, कारण पुढचे सर्व युक्तिवाद त्यावर उभे आहेत.

या गालिच्यावर ज्याचे आयुष्य अवलंबून आहे असा प्राणी म्हणजे संगाई, मणिपूरचा राज्यप्राणी. दलदलीत बुडू नये म्हणून हे हरीण खुरांमागचा भागही जमिनीला टेकवून जपून पावले टाकते. त्यामुळे त्याला 'नाचणारे हरीण' असे नाव पडले. १९५१ मध्ये ही उपजाती नामशेष झाल्याचे मानले गेले होते. १९५३ मध्ये निसर्ग अभ्यासक ई. पी. जी यांना तिचे अस्तित्व पुन्हा आढळले. १९७५ च्या हवाई पाहणीत केवळ १४ संगाई मोजले गेले आणि २०१६ च्या गणनेत ही संख्या २६० नोंदवली गेली. वाढ दिलासा देणारी आहे, यात शंका नाही. मात्र मुक्त अवस्थेतील सर्व संगाई याच एका पट्ट्यात राहतात आणि प्रौढ हरणाचा भार पेलण्यासाठी फुमदी साधारण एक मीटर वा त्याहून जाड असावी लागते. प्राण्यांची संख्या वाढत असताना त्यांच्या पायाखालची भूमी पातळ होत असेल, तर गणनेचा आकडा आपल्याला अर्धेच चित्र दाखवतो.

कोयनेची आठवण करून देणारा प्रकल्प

मणिपूरचे खोरे चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेले आहे. खोऱ्यातील नद्या एकत्र होऊन मणिपूर नदी बनते, ती दक्षिणेकडे वाहत म्यानमारमध्ये शिरते आणि तिचे पाणी चिंदविनमार्गे इरावतीला मिळते. लोकटाक सरोवर या नदीला खोर्डाकसारख्या प्रवाहांनी जोडलेले होते. पावसाळ्यात नदी फुगली की तिचे पाणी उलटे सरोवरात येई आणि पूर ओसरला की सरोवर हळूहळू नदीत रिते होई. निसर्गाने बांधलेली ती एक पूरनियंत्रण यंत्रणाच होती. सुटलेल्या फुमदीचे तुकडेही याच वाटेने वाहून जात.

लोकटाक जलविद्युत प्रकल्पाने ही दुहेरी ये-जा बंद केली. इथाई येथे नदीवर दरवाजांचा बंधारा, म्हणजे बॅरेज, उभारण्यात आला. सरोवराचे रूपांतर जलाशयात झाले. पूर्ण भरल्यावर त्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ७६८ मीटरवर राखली जाते. तेथील पाणी बोगद्यातून डोंगराच्या पश्चिमेकडे नेऊन सुमारे ३०० मीटर खाली वीजगृहावर सोडले जाते. मराठी वाचकाला येथे कोयनेची आठवण व्हावी. कृष्णेच्या खोऱ्यातील कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर टाकून वीज निर्माण होते आणि ते पाणी वाशिष्ठी नदीस मिळते. लोकटाकचे तत्त्व हेच आहे. येथे इरावतीच्या खोऱ्यातील पाणी बराकच्या खोऱ्यातील लैमाताक नदीत पडते. म्यानमारकडे जाणाऱ्या पाण्याचा एक हिस्सा अशा रीतीने अखेरीस बांगलादेशाच्या दिशेने वळला आहे. आंतर-खोरे जलस्थानांतर हा शब्द नदीजोड योजनांच्या चर्चेत वारंवार येतो. त्याचे हे चार दशके जुने उदाहरण अभ्यासक्रमात फारसे भेटत नाही, याचे आश्चर्य वाटते.

प्रकल्पाची स्थापित क्षमता १०५ मेगावॅट आहे. कोयनेच्या १,९६० मेगावॅटशी तुलना केल्यास ती लहान वाटेल. परंतु ज्या काळी हा प्रकल्प आखला गेला, त्या काळी विजेचा दुष्काळ असलेल्या ईशान्य भारताला तिचे मोल मोठे होते. उपसा सिंचनाची जोडही त्याला दिली होती. प्रकल्पाच्या आखणीवर आजच्या निकषांनी ताशेरे ओढणे सोपे आहे. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची पहिली अधिसूचना १९९४ ची आणि तिची जागा घेणारी २००६ ची, हे लक्षात घेतले तर त्या वेळी असा अभ्यास बंधनकारक नव्हता, हे मान्य करावे लागते. प्रश्न आजच्या व्यवस्थापनाचा आहे.

एकीकडे अति, दुसरीकडे अपुरी

लोकटाकविषयी वाचताना विद्यार्थ्यांचा एका ठिकाणी हमखास गोंधळ होतो. काही अहवाल फुमदी बेसुमार वाढल्याची तक्रार करतात, तर काही ती नष्ट होत असल्याची. दोन्ही खरे आहे. सरोवराच्या उत्तर व मध्य भागात नंबुल नदी इंफाळ शहराचे सांडपाणी आणून टाकते. शेतांतील खतांचे अंशही पाण्यात उतरतात. या खुराकावर नवी, पातळ फुमदी झपाट्याने पसरते आणि जुना प्रवाह अडल्यामुळे ती बाहेर जाऊ शकत नाही. उद्यानातील जुनी, जाड फुमदी मात्र गाळाचा स्पर्श न मिळाल्याने खालून झिजत जाते. वाढ आणि झीज या दोन्हींच्या मुळाशी पाण्याची स्थिरावलेली पातळी हे एक समान कारण आहे.

रोगाचे निदान असे असता उपचार मात्र बव्हंशी लक्षणांवर झाले. १९८० च्या दशकात लोकटाक विकास प्राधिकरण स्थापन झाले. सरोवराच्या मध्यभागातील फुमदी यंत्रांनी उपसण्याची मोठी कामे झाली. २००६ मध्ये राज्याने लोकटाक सरोवर संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. त्याने सरोवराचा गाभा विभाग निश्चित केला आणि तेथे फुमदीवर झोपड्या बांधण्यास व 'अथाफुम' पद्धतीच्या मासेमारीस बंदी घातली. अथाफुम म्हणजे फुमदीचे तुकडे बांधून पाण्यावर केलेले वर्तुळाकार कडे. त्याच्या सावलीला व चाऱ्याला मासे जमतात आणि मग ते जाळ्यात घेरले जातात. या कायद्याच्या आधारे नोव्हेंबर २०११ मध्ये शेकडो तरंगत्या झोपड्या हटवल्या गेल्या. त्यांपैकी अनेक जाळण्यात आल्या.

अथाफुमच्या प्रसाराने सरोवराचे नुकसान झाले हे नाकारता येत नाही. पण ही कडी वाढली का? बंधाऱ्यानंतर सरोवराच्या काठची भातशेती पाण्याखाली गेली आणि अनेक शेतकरी मासेमारीकडे वळले. त्याच सुमारास नदीतून येणारे स्थलांतरित मासे येईनासे झाले. मासे आपण होऊन येत नसतील, तर त्यांना आकर्षित करण्याचे साधन हवेच. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडलेली 'सामायिकांची शोकांतिका' येथे उद्धृत करण्याचा मोह होतो. तथापि एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, सामायिक संसाधने जपणारे स्थानिक नियम अनेक समाजांत पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतात. ते मोडतात तेव्हा बाहेरून काय बदलले, हे आधी तपासावे लागते. लोकटाकमध्ये जलचक्रच बदलले होते. सर्वांत दुर्बळ घटकापासून अंमलबजावणी सुरू करणे प्रशासनाला सोयीचे असते. ते न्याय्य किंवा परिणामकारक असतेच असे नाही.

किंमत मोजायची कशाची?

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर वीजनिर्मितीचा येथे एक बाह्य परिणाम आहे. विजेच्या दरात टर्बाइन, बोगदा, कर्जावरील व्याज व कर्मचाऱ्यांचे वेतन समाविष्ट असते. फुमदीची झीज, बुडालेले शेत व नाहीसा झालेला मासा त्यात समाविष्ट नसतो. दूरच्या ग्राहकाला वीज मिळते आणि खर्चाचा हा भाग मोइरांग परिसरातील कोळी, शेतकरी आणि संगाई यांच्या वाट्याला येतो. केंद्रीय जलविद्युत प्रकल्पांतून यजमान राज्याला १२ टक्के वीज मोफत देण्याचे धोरण आहे. २००८ च्या जलविद्युत धोरणाने स्थानिक क्षेत्र विकास निधीसाठी आणखी १ टक्का विजेची तरतूद नव्या प्रकल्पांकरिता केली. ही पावले योग्य दिशेने असली, तरी पैसा राज्याच्या तिजोरीत पोहोचणे आणि पाणी योग्य महिन्यात उतरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नुकसानभरपाईने फुमदी जाड होत नाही.

मग पातळी उतरवण्याचा संधी-खर्च किती? येथे एक ढोबळ गणित करून पाहू. विद्यार्थ्यांनी ते स्वतः पडताळावे. ३०० मीटर उंचीवरून पडणाऱ्या १ घनमीटर पाण्यात सुमारे ०.८२ युनिट इतकी ऊर्जा असते. यंत्रांची कार्यक्षमता ८५ टक्के धरल्यास सुमारे ०.७ युनिट वीज मिळते. समजा, १०० चौरस किलोमीटर क्षेत्रावरील पाण्याची पातळी १ मीटरने उतरवायची आहे. म्हणजे १० कोटी घनमीटर पाणी, अर्थात सुमारे ७ कोटी युनिट. युनिटला ४ रुपये दर गृहीत धरला तर ही २८ कोटी रुपयांची वीज होते. क्षेत्र व दर दोन्ही येथे उदाहरणादाखल घेतले आहेत, हे विसरू नये.

या २८ कोटींना 'तोटा' म्हणणे मात्र घाईचे ठरेल. पातळी उतरवायची तर पाणी बंधाऱ्यातून नदीत सोडता येईल, तसेच ते बोगद्यातून वीजगृहाकडेही नेता येईल. दुसऱ्या मार्गाने गेलेल्या पाण्याची वीज तयार होतेच, फक्त ती काही आठवडे अगोदर तयार होते. अशा वेळी खरा खर्च उरतो तो कोरड्या ऋतूच्या अखेरीस हाती राखीव पाणी नसण्याचा. पाऊस लांबला तर त्या दिवसांतील वीज अन्यत्र विकत घ्यावी लागेल. हा खर्च वास्तव आहे, पण तो मोजता येतो, करारात लिहिता येतो आणि त्याचा विमाही उतरवता येतो. राष्ट्रीय ग्रिडने जोडलेल्या देशात १०५ मेगावॅटच्या प्रकल्पाची ऋतुमानानुसार होणारी घट भरून काढणे १९८३ च्या तुलनेत आज पुष्कळ सुकर आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते लोकटाकविषयीच्या चर्चेत हा मुद्दा जितक्या ठळकपणे यावयास हवा तितका येत नाही. चर्चा 'बंधारा ठेवा' आणि 'बंधारा पाडा' या दोन टोकांतच फिरत राहते.

दुसऱ्या बाजूचे, म्हणजे फुमदीचे मूल्य काढताना आपली साधने अपुरी पडतात. वनजमीन वळती करताना आकारले जाणारे निव्वळ वर्तमान मूल्य हे वनांचे प्रकार आणि वृक्षच्छत्राची घनता यांवर आधारलेले आहे. राष्ट्रीय उद्यानासाठी त्यात अधिक पट आकारणी आहे, हे खरे. तरीही ज्या परिसंस्थेत वृक्षच नाहीत आणि जिची सारी संपत्ती पाण्याखाली कुजत पडली आहे, तिचे मोल झाडांच्या मापाने कसे काढणार? साठवलेला कार्बन, पुराचे शोषण, मासळीची पैदास, 'इशिंग कंबोंग' या जंगली भाताच्या कोवळ्या दांड्यांसारखी खाद्यवनस्पती, इंफाळच्या इमा कैथेल बाजारात महिला विकतात ती मासळी, या प्रत्येकाचे मूल्य वेगळ्या रीतीने काढावे लागते. काहींना बाजारभाव आहे, काहींना नाही. इशिंग कंबोंग हे संगाईचेही आवडते खाद्य आहे. एकाच वनस्पतीला बाजारात भाव आणि उद्यानात मोल अशी दुहेरी ओळख क्वचितच दिसते.

चिलिकाचा धडा आणि त्याची मर्यादा

ओडिशातील चिलिका सरोवराशी तुलना येथे उपयुक्त ठरेल. पाणथळ जागांविषयीचा रामसार करार १९७१ चा. भारत १९८२ मध्ये त्यात सहभागी झाला. लोकटाकचा समावेश १९९० मध्ये झाला. ज्या स्थळांचे पर्यावरणीय स्वरूप बिघडले वा बिघडण्याच्या मार्गावर आहे, त्यांची नोंद मॉन्त्रो सूचीत होते. १९९३ मध्ये चिलिका आणि लोकटाक ही दोन्ही सरोवरे या सूचीत गेली. २००० मध्ये चिलिकाला समुद्राकडे नवे मुख खोदून देण्यात आले, खारे-गोडे पाणी पुन्हा मिसळू लागले आणि मत्स्योत्पादन अनेक पटींनी वाढले. २००२ मध्ये चिलिका सूचीबाहेर आले. लोकटाक मात्र राजस्थानातील केवलादेवसोबत सूचीत राहिले आहे.

चिलिकाने दाखवून दिले की, कुंपण व पहारा यांपेक्षा जलचक्राची दुरुस्ती अधिक फलदायी असते. परंतु चिलिकाचे मुख गाळाने बुजले होते. ते बुजलेले राहण्यात कोणाचे मोठे उत्पन्न गुंतलेले नव्हते. लोकटाकच्या स्थिर पातळीवर मात्र वीजनिर्मितीचा महसूल उभा आहे. हितसंबंध जेथे आहेत तेथे केवळ अभियांत्रिकी पुरत नाही, वाटाघाटी लागतात. २०१७ चे पाणथळ क्षेत्र नियम राज्य प्राधिकरणांना व्यवस्थापन आराखड्याचा अधिकार देतात. मात्र दरवाजा कोणत्या महिन्यात किती उघडायचा, हा निर्णय वीज उत्पादक, पूरनियंत्रण, सिंचन व वनविभाग या साऱ्यांनी एका टेबलावर बसून घ्यावा लागेल.

सीमेपलीकडचे पाणी

मणिपूरची म्यानमारशी सीमा ३९८ किलोमीटर लांब आहे आणि मणिपूर नदी ती ओलांडून जाते. भारत व म्यानमार दोन्ही रामसार कराराचे सदस्य आहेत आणि सामायिक पाणथळ क्षेत्रे व नदीखोरी यांबाबत परस्परांशी सल्लामसलत करण्याची अपेक्षा हा करार बाळगतो. संगाईचे एक भावंड म्यानमारमध्येही आहे. तेथे त्याला 'थामिन' म्हणतात. ते कोरड्या पानझडी वनात राहते. त्यामुळे लोकटाकमधील संगाई गमावले तर म्यानमारमधून आणून ती जागा भरता येणार नाही. एकाच ठिकाणी सारी संख्या असण्याचा धोका ओळखून, खोऱ्यातील पुमलेन पाट या पाणथळीत संगाईचा दुसरा अधिवास घडवण्याचा विचार मांडला गेला आहे. दुसरा अधिवास हा विम्यासारखा आहे. विमा उतरवला म्हणून घराची डागडुजी टाळता येत नाही. तेथेही पाण्याच्या पातळीचा हिशोब पहिल्यापासून ठेवावा लागेल.

सीमेपलीकडच्या पाण्याशी सर्वांत जवळचा संबंध होता तो पेंगबा या माशाचा. चिंदविनच्या खोऱ्यातून हा मासा पावसाळ्याच्या पाण्याबरोबर वर येई आणि मणिपूरच्या सरोवरांत अंडी घाली. इथाईच्या बंधाऱ्याने त्याची वाट अडली आणि राज्याच्या नैसर्गिक पाण्यातून तो नाहीसा झाला. मणिपूरने त्याला राज्यमत्स्याचा मान दिला आहे. आज तो शेततळ्यांत वाढवला जातो. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने त्याच्या प्रेरित प्रजननाचे तंत्रही विकसित केले आहे. ज्याच्यापाशी तळे आणि बीज विकत घेण्याइतके भांडवल आहे, त्याला पेंगबा मिळतो. पूर्वी तो पाण्याबरोबर येत असे आणि ज्याच्यापाशी फक्त जाळे होते, त्यालाही मिळत असे.